सुरतेचा कारभार आणि सुरतेची माणसे

सुरत शहराशी मराठी मनाचा परिचय जुना आहे खरा, परंतु तो बहुधा दोन स्वाऱ्या आणि एक जोडा एवढ्यावरच थांबलेला असतो. १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी या बंदरावर केलेल्या स्वाऱ्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. आणि १९०७ च्या डिसेंबरात येथेच भरलेल्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनात जहाल व मवाळ यांची फाटाफूट होत असताना व्यासपीठावर येऊन पडलेला दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून सर फिरोजशहा मेहतांवर कसा आदळला, ही हकीकत टिळकचरित्राच्या वाचकांनी चवीने वाचलेली असते. नियतीचा विनोद असा, की ज्या फिरोजशहांना सुरतेत हा प्रसाद मिळाला, त्यांनीच मुंबई नगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याला आकार देण्याचे मोठे काम केले होते. त्या कायद्याच्या धर्तीवर १९४९ साली मुंबई प्रांतातील इतर मोठ्या शहरांसाठी प्रांतिक महानगरपालिका अधिनियम तयार झाला. आणि त्याच अधिनियमाखाली, पुणे आणि अहमदाबाद या शहरांच्या मागाहून, १ ऑक्टोबर १९६६ रोजी सुरतेची नगरपालिका महानगरपालिका झाली. त्या दिवसाला १ ऑक्टोबर २०२६ रोजी साठ वर्षे पूर्ण होतात. हिऱ्यांना पैलू पाडून ज्या गावाने जगभर नाव मिळवले, त्या गावाच्या महापालिकेचा हा हीरक महोत्सव.

स्थापनादिन म्हटला की संकल्पांची उजळणी ओघानेच आली. अलीकडे या संकल्पांना 'लोककेंद्री विकास' असे भारदस्त नाव देण्याचा प्रघात पडला आहे. रस्ते, पूल, इमारती यांऐवजी माणूस हा विकासाचा मध्यबिंदू असावा, हा त्यामागचा विचार निर्दोष आहे. आणि निर्दोष विचारांचे जे होते तेच त्याचे होण्याची भीती असते, म्हणजे सर्वांनी त्याला मान डोलवावी आणि कोणीही त्याचा हिशेब विचारू नये. म्हणून या लेखात भाषणांपेक्षा दप्तराकडे अधिक लक्ष द्यायचे आहे. एखाद्या शहराचा कारभार कोणासाठी चालतो, हे त्याने कोणते काम आपले कर्तव्य मानले आणि कोणाला आपल्या मोजणीत घेतले, यांवरून जितके नेमके कळते तितके ते जाहीरनाम्यावरून कळत नाही.

कर्तव्याची वाटणी प्रथम पाहू. १९४९ च्या अधिनियमाने महानगरपालिकेची कामे दोन गटांत विभागली आहेत. कलम ६३ मध्ये अनिवार्य कर्तव्ये आहेत: रस्त्यांची झाडलोट, सांडपाण्याचा निचरा, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, देवी टोचणे, जन्ममृत्यूची नोंद, स्मशाने, आगीपासून संरक्षण, प्राथमिक शिक्षण. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे आहेत, आणि त्यांत उद्याने, वाचनालये, नाट्यगृहे, शहरातली वाहतूक, गरिबांसाठी घरे अशा गोष्टी येतात. गरिबाचे घर ऐच्छिक, आणि त्याच्या दारावरून जाणाऱ्या गटाराची सफाई तेवढी अनिवार्य, ही वाटणी आज वाचताना चमत्कारिक वाटते. पण कायदा करणाऱ्यांचा व्यवहार सरळ होता: जे केल्यावाचून शहर जगणार नाही ते सक्तीचे, आणि जे केल्याने शहर राहण्याजोगे होईल ते तिजोरीच्या ऐपतीवर सोडलेले. राज्ये वेगळी झाली, अधिनियमाच्या नावातील 'मुंबई' जाऊन एकीकडे 'गुजरात' आणि दुसरीकडे 'महाराष्ट्र' आले, तरी पुण्याचा आणि सुरतेचा कारभार आजही मुळात एकाच कायद्याच्या चौकटीत चालतो. मराठी वाचकाने सुरतेकडे परक्या मुलखातले कुतूहल म्हणून पाहू नये, याचे हे एक कारण.

दुसरे कारण त्याहून जुने आहे. सुरत १ मे १९६० पर्यंत मुंबईच्याच राज्यात होती, आणि तिच्या अर्वाचीन लोकजीवनाच्या आरंभी एक मराठी गृहस्थ उभा आहे. व्याकरणकार म्हणून आपल्याला परिचित असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर हे सरकारी शाळेतील शिक्षक म्हणून सुरतेस होते, आणि दुर्गाराम मेहताजींसारख्या सुरती सुधारकांच्या साहचर्याने १८४४ साली तेथे 'मानवधर्म सभा' स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. जातिभेद, विधवांची दुःस्थिती, मंत्रतंत्राचे थोतांड यांवर त्या सभेत उघड चर्चा होत असे. त्याच वर्षी मिठावरील कर वाढवला म्हणून सुरतेचे लोक रस्त्यावर आले. १८४८ साली वजनमापांच्या नव्या पद्धतीविरुद्ध त्यांनी बाजार बंद पाडला. आणि पुढे १८७८ साली परवाना-कराविरुद्ध तेथे दंगाही झाला. कर देणाऱ्याने कारण विचारावे, ही सुरतेची खोड तिच्या नगरपालिकेहून वयाने वडील आहे. १८५० च्या कायद्याखाली १८५२ साली ही नगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा आरंभीच्या कारभाऱ्यांची असल्या रयतेशी गाठ होती.

नगरपालिकेचे दप्तर १८६७ पासून ज्या इमारतीत आहे तिचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मुगलसराई हे तिचे नाव. शहाजहानच्या अमदानीत, १६४४ साली, हकीकतखान नावाच्या अंमलदाराने ती बांधली, आणि सुरतेच्या बंदरातून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना व दूरदूरहून येणाऱ्या वाटसरूंना उतरण्याची सोय व्हावी हा तिचा उद्देश होता. मध्यंतरी काही काळ तिचा तुरुंगही झाला होता. ज्या वास्तूत परमुलखातला अनोळखी माणूस हक्काने पथारी टाकीत असे, त्याच वास्तूत बसून आज शहराचे आयुक्त आणि नगरसेवक परमुलखातून आलेल्या लक्षावधी माणसांचे काय करायचे याचा विचार करतात.

मधला एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. असहकाराच्या चळवळीत सुरतेच्या नगरपालिकेने आपल्या शाळांवरील सरकारी नियंत्रण झुगारून दिले. मुलांना काय आणि कसे शिकवायचे हे आम्ही ठरवू, सरकारी अनुदान नको आणि सरकारी तपासणीही नको, अशी भूमिका तिने अहमदाबादेच्या नगरपालिकेप्रमाणेच घेतली. परिणामी १९२२ साली सरकारने दोन्ही नगरपालिका बरखास्त केल्या. पाणी किंवा गटार यांसाठी लोकनियुक्त सभा बरखास्त झाल्याचे आपण ऐकले असेल. शाळेसाठी बरखास्त होण्याचा मान थोड्यांनाच लाभला आहे.

आता मोजणीकडे वळू. महानगरपालिका होण्यापूर्वीच्या जनगणनेत, म्हणजे १९६१ साली, सुरतेची वस्ती २ लाख ८८ हजार होती, आणि तोवरच्या नगरपालिकेची हद्द होती सव्वाआठ चौरस किलोमीटरांहूनही थोडी कमी. १९७१ मध्ये वस्ती पावणेपाच लाखांजवळ गेली, १९९१ मध्ये पंधरा लाखांवर पोचली आणि २०११ मध्ये ४४ लाख ६७ हजार झाली. हद्द वेळोवेळी वाढत २००६ साली ३२६ चौरस किलोमीटर आणि २०२० साली ४६१ चौरस किलोमीटर झाली. म्हणजे जन्माच्या वेळी जे शहर होते ते आजच्या शहराच्या पोटात कोठेतरी एका कोपऱ्यात सामावले आहे. ही वाढ सुरतेच्या घराघरांतील पाळण्यांनी झालेली नाही. ती रेल्वेने आली. सौराष्ट्रातून हिऱ्याचे कारागीर आले, ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून यंत्रमागावरचे कामगार आले, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून रंगाई-छपाईच्या कारखान्यांत राबणारे आले. आणि आपल्या खानदेशातून, जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून, ताप्ती व्हॅलीच्या लोहमार्गाने कुटुंबेच्या कुटुंबे आली.

हा लोहमार्ग जळगावाहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत उधन्याला उतरतो, आणि उधन्याला उतरलेला माणूस फार लांब जात नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आज मराठी आणि अहिराणी इतक्या सहजपणे कानी पडते, की नवख्याला आपण राज्याची सीमा ओलांडली आहे याचा विसर पडावा. या मंडळींनी तेथे घरे बांधली, मंडळे काढली आणि नगरसेवकही निवडून दिले. सुरतेच्या सभागृहात मराठी आडनावे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही.

माणसांच्या या पुरापुढे नगरपालिकेचा कारभार तोकडा पडत गेला, आणि किती तोकडा पडला हे १९९४ च्या सप्टेंबरात साऱ्या जगाने पाहिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिक प्लेगची चाहूल लागली होती. सप्टेंबरात तापीला पूर आला, वस्त्यांमध्ये पाणी शिरले, मेलेली जनावरे आणि कुजलेला कचरा दिवसचे दिवस पडून राहिला, आणि त्या महिन्याच्या १९-२० तारखेस वेडरोडच्या बाजूच्या कामगारवस्तीत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण दिसू लागले. मृतांचा आकडा पन्नासाच्या आसपास राहिला. भीतीचा आकडा मात्र मोजता येण्यासारखा नव्हता. चार-पाच दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली, आणि त्यांत काही दवाखान्यांना कुलपे लावून गेलेले डॉक्टरही होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या बाजारात मिळेनाशा झाल्या. परदेशांनी भारताची विमाने अडवली, मालाला बंदी घातली. एका शहराने न उचललेल्या कचऱ्याचा भुर्दंड सबंध देशाच्या व्यापाराने भरला.

यानंतरचा भाग सुरतेच्या इतिहासात सर्वांत अधिक सांगितला गेला आहे. १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले. त्यांनी नवे कायदे केले नाहीत. अस्तित्वात असलेल्या कायद्याची अंमलबजावणी करण्याचा, आपल्याकडे जवळजवळ क्रांतिकारक ठरणारा, मार्ग त्यांनी धरला. शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागप्रमुखाला आयुक्ताचे अधिकार, पैसे खर्च करण्याच्या मुभेसह, वाटून दिले. तेव्हा फाईल मुगलसराईत येऊन पडण्याची आवश्यकताच उरली नाही. वातानुकूलित खोल्यांतील अधिकाऱ्यांना त्यांनी सकाळी रस्त्यावर उतरवले, आणि रोज दुपारी तीन वाजता सर्वांना एकत्र बसवून सकाळी काय पाहिले व त्याचे काय केले याची झडती घेण्याचा परिपाठ घातला. बाजाराचे रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. उपाहारगृहांची तपासणी, घाण टाकणाऱ्यास दंड, अनधिकृत बांधकामांवर हातोडा, हे सर्व झाले. आणि हातोडा बड्यांच्या इमारतींवरही पडतो हे पाहिल्यावर सामान्य माणूस दंडाची पावती फारशी कुरकुर न करता घेऊ लागला. पूर्वी जेथे जेमतेम निम्मा कचरा उचलला जाई तेथे जवळजवळ सगळा उचलला जाऊ लागला, आणि दोन वर्षांच्या आत देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत सुरतेचे नाव चंडीगढाच्या खालोखाल घेतले गेले.

या यशाचे श्रेय एका कर्तबगार अधिकाऱ्याला देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि वृत्तपत्रांनी तेच केले. माझ्या मते रावांच्या कामातील टिकाऊ भाग हातोड्यात नसून त्या तीन वाजताच्या बैठकीत आणि त्यामागील नोंदवहीत होता. खाजगी डॉक्टरांकडे आलेल्या तापाच्या रुग्णांची खबर नगरपालिकेच्या आरोग्यखात्याकडे नियमाने पोचावी, कोणत्या वस्तीत हिवताप वाढतो आहे हे साथ पसरण्यापूर्वी नकाशावर दिसावे, ही पद्धत त्या काळात रुजली आणि राव गेल्यावरही चालू राहिली. व्यक्ती बदलली तरी वही चालू राहते, हे चांगल्या कारभाराचे लक्षण आहे. पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने सुरतेला प्रथम क्रमांक मिळाला, त्याचे मूळ शोधायचे तर याच वहीत शोधावे लागेल.

पण नदीची वही वेगळ्या हातात होती. तापीच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर. त्यातले ५१ हजारांहून अधिक महाराष्ट्रात, दहा हजारांस थोडे कमी मध्य प्रदेशात, आणि उरलेले अवघे चार हजारांच्या आतबाहेर गुजरातेत. याचा अर्थ असा, की सुरतेच्या नशिबी येणारे पाणी अकोला, बुलढाणा, जळगाव, धुळे येथल्या आभाळातून पडते. शहराच्या वर सुमारे शंभर किलोमीटरांवर उकाईचे धरण १९७२ पासून उभे आहे आणि या पाण्याची मुख्य किल्ली तेथे आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, धरण आधीच बरेच भरलेले होते, आणि अखेरीस नऊ लाख घनफूट प्रतिसेकंदाच्या घरात विसर्ग करावा लागला. ७ तारखेपासून पुढचे काही दिवस सुरतेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याखाली होता, आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पाणी केव्हा आणि किती सोडायचे हा निर्णय राज्याच्या पाटबंधारे खात्याचा. बुडणार मात्र महानगरपालिकेची हद्द. शहराच्या जिवाशी निगडित असलेला सर्वांत मोठा निर्णय शहराच्या हातात नाही, ही गोष्ट नगरपालिकेचे स्वातंत्र्य मोजताना विसरता येत नाही.

पुरानंतर मात्र एक शहाणपणाचे काम झाले. महानगरपालिका, राज्याची खाती, तेथील व्यापारी मंडळ आणि अभियंते यांनी एकत्र येऊन हवामानबदलाचा विचार करणारा एक न्यास स्थापन केला आणि वरच्या खोऱ्यातील पावसापासून धरणाच्या दारापर्यंत व धरणाच्या दारापासून शहरातील वस्तीपर्यंत पूर्वसूचनेची एक साखळी उभारली. किती पाणी सोडले तर कोणत्या गल्लीत किती फूट चढेल, हे आधी ठाऊक असले की माणसे हलवता येतात. जुन्या काळी काठावरच्या लोकांना हे ज्ञान अनुभवाने असे. नव्या वस्तीतील परगावच्या माणसाला ते असण्याचे कारण नाही, म्हणून नगरपालिकेने ते बाळगायचे. अर्थात तापीला आवरले म्हणून सर्व झाले असे नव्हे. शहरातून जाणाऱ्या खाड्यांचा पूर हा निराळाच प्रकार आहे, आणि मिठी खाडीच्या काठच्या लिंबायतकरांना, म्हणजे बऱ्याच अंशी आपल्याच मराठी मंडळींना, 'खाडीपूर' हा शब्द पावसाळ्यातल्या इतर शब्दांइतकाच अंगवळणी पडला आहे.

पाण्याच्या कारभारातील एक गोष्ट मात्र मनापासून वाखाणण्यासारखी आहे. पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांना अफाट पाणी लागते, आणि तेच पाणी माणसांनाही प्यायचे असते. तेव्हा महानगरपालिकेने २०१४ मध्ये बमरोली येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची शुद्धीकरणप्रक्रिया करणारा प्रकल्प उभारला आणि दररोज सुमारे ४ कोटी लिटर पाणी कारखान्यांना विकत देण्यास आरंभ केला. शहराचे सांडपाणी कारखान्याचे कच्चे द्रव्य झाले, तिजोरीत उत्पन्न आले आणि तेवढे नदीचे गोडे पाणी घरांसाठी वाचले. कोणत्याही घोषणेवाचून झालेले हे काम लोककेंद्री विकासाचा उत्तम नमुना आहे, कारण त्यात उद्योगाची गरज आणि माणसाची तहान यांमध्ये कोणाला अग्रक्रम द्यायचा, हे स्पष्ट ठरवले गेले.

शाळांची कथा याहून मनोवेधक आहे. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून मुलांना शिकवते. प्राथमिक शिक्षण हे कायद्याने अनिवार्य. पण ते मुलाच्या घरच्या भाषेत देणे ही सक्ती नाही, ते शहराचे औदार्य आहे, आणि व्यवहारज्ञानही. गिरणीत रात्रपाळी करणाऱ्या बापाचा मुलगा परक्या भाषेमुळे पहिलीतच शाळा सोडतो तेव्हा शहराला पुढे त्याची किंमत द्यावी लागते. माध्यमिक शिक्षण नगरपालिकेच्या गळ्यात कायद्याने बांधलेले नसताना 'सुमन' या नावाने तिने माध्यमिक शाळाही काढल्या, आणि त्यांत मराठी माध्यमालाही स्थान दिले. आपल्याकडे, खुद्द महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत, नगरपालिकांच्या मराठी शाळा एकामागून एक बंद पडत असताना सुरतेत त्या चालू आहेत, याची नोंद संकोचाने का होईना, पण घेतली पाहिजे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या महानगरपालिकेने स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले रुग्णालयही सुरू केले.

येथवरची हकीकत बरीचशी गौरवाची झाली. आता ज्या ठिकाणी वही कोरी राहिली आहे तिकडे पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत सुरत शहरात हजार पुरुषांमागे साडेसातशेच्या आसपास स्त्रिया आढळल्या. हा आकडा वाचून काही जण स्त्रीभ्रूणहत्येचा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पण त्याचा मोठा भाग सरळ आहे. कुटुंब गावी ठेवून एकट्याने राबायला आलेल्या पुरुषांचे हे शहर आहे. गंजामहून आलेला माग-कामगार पांडेसऱ्यात किंवा वेडरोडला 'मेस'मध्ये राहतो. एका खोलीत अनेक माणसे, पाळी बारा तासांची, दिवसपाळीचा गडी कामावर गेला की रात्रपाळीचा गडी त्याच जागेवर अंग टाकतो. या माणसाच्या नावाने घरपट्टी नाही, नळजोड नाही, मतदारयादीत त्याचे नाव गावाकडच्या मतदारसंघात, शिधापत्रिका गावाकडच्या दुकानाची. नगरपालिकेच्या दप्तराच्या दृष्टीने तो जवळजवळ अदृश्य आहे. १९९४ साली तो पळून गेला तेव्हा आणि २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत टाळेबंदीमुळे पळूनही जाता येईना म्हणून तो रस्त्यावर उतरला तेव्हा, असा दोन वेळाच तो सबंध शहराला दिसला.

घरांच्या बाबतीतही असाच विचार करावा लागतो. तापीच्या काठच्या झोपडवस्त्या हलवून त्यांतील कुटुंबांना कोसाडसारख्या ठिकाणी पक्की घरे दिली गेली. पुराच्या भयातून सुटका झाली, शौचालय आले, पत्ता आला. पण घरकाम करून पोट भरणाऱ्या बाईचे काम जुन्या शहरात राहिले आणि रोजचे जाण्यायेण्याचे भाडे घराच्या खर्चात मिळवले गेले. काठावरून हलवणे आवश्यक होते, याविषयी दुमत नाही. मात्र घर मोजताना वाटही मोजायची असते, हा हिशेब त्या वेळी कच्चा राहिला. २०१४ पासून जलद बससेवेचे मार्ग वाढत गेले, त्याने तो काही अंशी भरून निघाला असेल.

आणि २४ मे २०१९ हा दिवस. सरथाणा भागातील एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर चाललेल्या शिकवणीवर्गात आग लागली आणि बावीस विद्यार्थी मृत्युमुखी पडले. कित्येकांनी वरून उड्या टाकल्या. आगीपासून संरक्षण हे कलम ६३ मधील अनिवार्य कर्तव्य आहे. ज्या शहराने कचऱ्याची नोंदवही गल्लीगल्लीपर्यंत नेली होती, त्याच्याजवळ कोणत्या गच्चीवर मुले बसवून वर्ग चालतो आणि तेथे जिना किती रुंद आहे, याची नोंद नव्हती. त्यानंतर तपासण्या झाल्या, इमारतींना टाळी लागली, जबाबदारी निश्चित करण्याचे खटले उभे राहिले. सुरतेचा स्वभावच असा दिसतो, की आघात झाला की ती विलक्षण वेगाने शिकते. १६६४ मध्ये मातीचा तट कुचकामी ठरला आणि नंतर विटांचा शहरपनाह उभा राहिला. तेव्हापासूनची ही रीत आहे. हा गुण खरा, पण त्याचे शिक्षणशुल्क दर वेळी दुसऱ्यांनीच भरलेले असते.

पैशाचाही विचार थोडक्यात करू. सुरतेसारख्या व्यापारी गावाच्या नगरपालिकेचा खजिना पिढ्यान्‌पिढ्या जकातीवर भरत असे. २००७ च्या नोव्हेंबरात गुजरात सरकारने जकात रद्द केली. व्यापाऱ्यांची नाक्यावरची कटकट गेली हे उत्तम झाले, पण नगरपालिकेचा स्वतःच्या मिळकतीचा मोठा झरा आटला आणि भरपाईच्या अनुदानासाठी गांधीनगरकडे पाहणे आले. आज अंदाजपत्रक हजारो कोटींचे असते; मात्र ते खर्च करणारा आयुक्त राज्याने नेमलेला, आणि ते मंजूर करणारे सभागृह लोकांनी निवडलेले, ही फिरोजशहांच्या काळापासूनची द्विदल रचना अद्याप तशीच आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. २०२१ च्या निवडणुकीत सुरतेच्या तीस प्रभागांतील १२० जागांपैकी निम्म्या स्त्रियांसाठी राखीव होत्या. एवढ्या नगरसेविका सभागृहात बसतात, हा बदल लहान नाही. पण रावांनी जे अधिकार विभागप्रमुखांना वाटले, तसे अधिकार प्रभागाच्या पातळीवर नागरिकांना वाटण्याचे धैर्य अजून कोणत्याही पक्षाने वा आयुक्ताने दाखवलेले नाही.

साठीच्या निमित्ताने सुरतेच्या महानगरपालिकेने एकच संकल्प करायचा तर तो मोजणीचा असावा. गेली जनगणना २०११ सालची. त्यानंतर हद्द वाढली, माणसे किती वाढली हे कोणी मोजलेले नाही, आणि शाळेच्या वर्गखोल्यांपासून पाण्याच्या टाक्यांपर्यंत सर्व योजना अंदाजावर चालल्या आहेत. देशाची पुढील जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनाने व्हायची आहे, आणि नेहमीप्रमाणे घरोघर जाऊन नोंद घेण्याचे काम बहुतांशी शिक्षकांकडे येईल. सुरतेत त्यांत मराठी शाळांचे शिक्षकही असतील. उधन्या-पांडेसऱ्याच्या गल्ल्या त्यांच्या पायाखालच्या आहेत. कोणत्या जिन्याखाली 'मेस' आहे हे त्यांना ठाऊक असते. त्यांना आणि तेथील मराठी मंडळांना एवढीच विनंती, की त्या वेळी दिवसपाळीच्या गड्यांची नावे लिहून परत फिरू नये. रात्रपाळी सुटल्यावर पुन्हा एकदा त्या दारावर जावे आणि उरलेली नावेही लिहून घ्यावीत.